थुंकीच्या नळीत यकृत दिसत नाही

पत्र : सप्रेम नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातील एका गावात राहते, वय ४८. माझा धाकटा भाऊ ४१ वर्षांचा आहे. तो गेली पंधरा वर्षे दारू पितो, शेवटची तीन वर्षे तर रोज. गेल्या महिन्यात त्याचे डोळे पिवळेधमक झाले, पोट फुगले, म्हणून आम्ही त्याला रुग्णालयात दाखल केले. डॉक्टरांनी दारूमुळे झालेला यकृतदाह, म्हणजे अल्कोहोलिक हेपटायटिस, असे निदान करून प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू केल्या. गोळ्या सुरू केल्या त्या दिवशी बिलिरुबिन, म्हणजे काविळीचा रक्तातला आकडा, १४ होते, सातव्या दिवशी ९ वर आले, तेव्हा औषध लागू पडते आहे असे ते म्हणाले. आज गोळ्यांचा अठरावा दिवस आहे आणि तो माझ्याच घरी आहे. माझा मुलगा बायोटेक्नॉलॉजीत एम.एस्सी. करतो. दारूने बिघडलेल्या यकृतात कोणती जनुके चालू-बंद होतात हे पाहून नवी औषधे शोधली जात आहेत, असे त्याने वाचले. त्यानंतर मोबाइलवर एक जाहिरात आली : नळीत थुंकी भरून पाठवा, २२,००० रुपयांत यकृताची जनुकीय चाचणी आणि ‘तुमच्या जनुकांना जुळणारे’ औषध. पैसे मी जमवू शकते. चाचणी करावी का? आमचे वडीलही दारूनेच गेले. हे आमच्या रक्तातच आहे का, आणि भावाच्या दोन मुलांचे काय? आई म्हणते, जनुके वगैरे राहू द्या, न कळत जेवणातून द्यायची दारू सोडवण्याची पूड मिळते, ती आणू. — एक बहीण

प्रिय ताई,

जाहिरातीतले पैसे भरले नसतील तर भरू नका, आणि ती पूड घरात येऊ देऊ नका. ही दोन उत्तरे तातडीची, म्हणून आधी दिली. कारणे मात्र सविस्तर सांगायला हवीत, कारण तुमच्या मुलाने वाचलेले खोटे नाही. ते संशोधन खरे आहे, महत्त्वाचे आहे आणि तुमच्या भावाला झालेल्या आजाराविषयीच आहे. जाहिरातदार फक्त त्याच्या आडोशाला दुकान मांडून बसला आहे.

आपल्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकांचा एकच संच असतो. प्रथिने घडवण्याच्या सूचना देणारी सुमारे २०,००० जनुके गालाच्या आतल्या पेशीत असतात, तशीच ती यकृताच्या पेशीतही असतात. तरीही गालाची पेशी अल्ब्युमिन हे रक्तातले प्रथिन तयार करत नाही, रक्त गोठवणारे घटक बनवत नाही, आणि दारू पचवण्याचे यकृताचे काम तिला जमत नाही. पोथी दोघींकडे तीच आहे, पण प्रत्येक पेशी तिच्यातले आपापले अध्याय उघडून वाचते. एखादे जनुक वाचले गेले की त्याची आरएनए नावाची नक्कल निघते आणि त्या नकलेवरून प्रथिन बनते. कोणत्या जनुकाच्या किती नकला निघत आहेत हे मोजणे, यालाच जनुकीय अभिव्यक्तीचा अभ्यास म्हणतात. थुंकीतून जे मिळते ती पोथी, म्हणजे डीएनए. तुमच्या भावाच्या यकृतात आज कोणता अध्याय उघडा आहे आणि कोणता मिटला आहे, हे त्या नळीतून कुणालाही कळू शकत नाही. त्या चाचणीत थुंकीतला आरएनए मोजला, तरी तो यकृताचा नसतो. एवढे एकच वाक्य जाहिरातदाराला विचारून पाहा : थुंकीतून यकृतातील जनुकांची अभिव्यक्ती कशी मोजता? उत्तर येणार नाही, किंवा उत्तराऐवजी सवलत येईल.

खरे संशोधन कसे होते ते जवळून पाहिले, तर या प्रश्नाचे गांभीर्य लक्षात येते. त्यासाठी यकृताचाच तुकडा लागतो. अशा रुग्णाचे रक्त नीट गोठत नाही आणि पोटात पाणी असते, त्यामुळे बरगड्यांमधून सुई घालणे धोक्याचे ठरते. म्हणून मानेतील शिरेतून एक लांब, लवचीक नळी यकृताच्या शिरेपर्यंत उतरवतात आणि तिथून आतल्या बाजूने तुकडा घेतात. तो शेवयाच्या तुकड्याएवढा असतो, कधी त्याहूनही बारीक. त्यातला मोठा भाग निदानासाठी फॉर्मॅलिनमध्ये जातो आणि उरलेला कण उणे १९६ अंश तापमानाच्या द्रव नायट्रोजनमध्ये टाकतात, कारण आरएनए अत्यंत नाशवंत असतो आणि त्याला तोडणारी एन्झाइमे आपल्या बोटांच्या कातडीवरही असतात. मी उमेदवारी केली त्या प्रयोगशाळेत एका शनिवारी रात्री उणे ८० अंशांच्या फ्रीझरचा गजर वाजत राहिला आणि तो ऐकायला कोणी नव्हते; सोमवारी सकाळी आम्ही दार उघडले तेव्हा दोन वर्षांचे नमुने पाण्यात तरंगत होते. कुरिअरच्या पाकिटात तीन दिवस फिरून आलेल्या नळीवरून ‘यकृताचा अहवाल’ देणाऱ्यांविषयी माझे मत कडवट आहे, ते काही अंशी त्या सोमवारमुळे.

चांगल्या स्थितीत पोहोचलेल्या कणातून आरएनए वेगळा करतात, यंत्राने त्याच्या लक्षावधी तुकड्यांचे वाचन करतात आणि शेवटी हाती एक प्रचंड तक्ता येतो : ओळी जनुकांच्या, रकाने रुग्णांचे, आणि प्रत्येक चौकोनात नकलांची संख्या. दारू पिऊनही यकृत फारसे न बिघडलेले लोक, सौम्य आजाराचे लोक, तुमच्या भावासारखे तीव्र काविळीचे लोक आणि निरोगी लोक यांचे रकाने शेजारी शेजारी ठेवले, की कोणत्या टप्प्यावर काय बदलले ते दिसू लागते. हे माणसांवरच करावे लागते, याला एक कारण आहे. उंदराला दारू फारशी रुचत नाही, आणि नळीने पाजली तरी त्याच्या यकृतात माणसासारखा भीषण आजार सहसा उमटत नाही. त्यामुळे या आजारात प्राण्यांवरचे प्रयोग नेहमीच अपुरे पडत आले.

तेव्हा अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे असलेले यकृत-संशोधक रामोन बातायेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये अशाच एका तक्त्याचे वाचन प्रसिद्ध केले, आणि मला वाटते, तुमच्या मुलाच्या वाचनात त्याचाच धागा आला असावा. अशा यकृतात दाह असतो हे सर्वांना माहीत होते, आणि तोवरचे बहुतेक उपचार दाह विझवण्याच्याच मागे होते. या अभ्यासात पुढे आले ते असे, की तीव्र आजारात यकृताच्या पेशी मरतात एवढेच नाही, तर ज्या जिवंत असतात त्याही आपले काम विसरतात. यकृताच्या पेशीला यकृतपण देणारा एक प्रमुख नियंत्रक आहे, त्याचे नाव एचएनएफ-४-अल्फा. अल्ब्युमिन, रक्त गोठवणारे घटक, पित्ताची आणि मेदाची व्यवस्था अशा शेकडो कामांची जनुके तो वाचायला लावतो. या नियंत्रकाच्या जनुकाचे वाचन दोन ठिकाणांहून सुरू होऊ शकते : एका ठिकाणाहून प्रौढ यकृताचा पाठ निघतो, दुसऱ्या ठिकाणाहून गर्भावस्थेतील यकृताचा. तीव्र मद्यजन्य यकृतदाहात पेशी गर्भावस्थेच्या पाठाकडे वळलेल्या आढळल्या, आणि त्यांना तिकडे वळवणारा प्रमुख संदेश टीजीएफ-बीटा-१ हा निघाला. यकृतात व्रण, म्हणजे जखमेचे वण, धरायला लावणारा म्हणून तो आधीपासूनच ओळखीचा होता. ४१ वर्षांच्या माणसाच्या यकृतातील पेशी पोटातल्या बाळाच्या पेशींसारख्या वागू लागतात, मग अल्ब्युमिन खाली येते, रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचा आकडा, आयएनआर, वर जातो, पोटात पाणी साठते. तुमच्या हातातल्या रिपोर्टवरचे आकडे या विस्मरणाचीच दुसरी बाजू आहेत.

आता तुमच्या ‘रक्तातच आहे का’ या प्रश्नाचा एक भाग इथेच सुटतो. त्याच अभ्यासात त्यांनी हेही तपासले, की एचएनएफ-४-अल्फा आणि त्याच्या जोडीच्या नियंत्रकांच्या जनुकांतच जन्मजात काही फरक आहे का, ज्यामुळे हा आजार होतो. तसा संबंध सापडला नाही. बदल सापडले ते डीएनएवर चढणाऱ्या रासायनिक खुणांत, ज्या जनुकाचे अक्षर बदलत नाहीत पण ते वाचले जाईल की नाही हे ठरवतात. पोथीची पाने फाटलेली नव्हती, ती एकमेकांना चिकटली होती. हा फरक शब्दांचा खेळ नाही. फाटलेले पान शिवणे आज जवळपास अशक्य असते, चिकटलेले पान सोडवण्याचा प्रयत्न करता येतो, आणि औषध शोधणाऱ्यांची सगळी आशा तिथेच आहे.

तक्त्यापासून औषधापर्यंत जायचे कसे, याच्या वाटा अनेक आहेत. एक वाट संगणकाची. २००६ मध्ये अमेरिकेतील ब्रॉड इन्स्टिट्यूटने १६४ रसायने पेशींवर टाकून प्रत्येकाने जनुकांचे वाचन कसे बदलते त्याची नोंदवही तयार केली. २०१७ पर्यंत त्या नोंदवहीत दहा लाखांहून अधिक नोंदी झाल्या. कल्पना सोपी आहे : आजारात जी जनुके वर गेली ती खाली आणणारे आणि जी खाली गेली ती वर नेणारे, म्हणजे आजाराच्या ठशाच्या उलट ठसा उमटवणारे औषध या वहीत शोधायचे, आणि ते आधीच दुसऱ्या कशासाठी वापरात असेल तर बरीच वर्षे वाचतात. कागदावर हे इतके सुबक दिसते, की पहिल्यांदा ऐकणारा हरखून जातो. मीही हरखलो होतो. अडचण अशी, की त्या वहीतल्या बहुतेक नोंदी प्रयोगशाळेत वाढवलेल्या, पुष्कळदा कर्करोगाच्या, पेशींवरच्या आहेत आणि दारूने माखलेल्या यकृताच्या नाहीत.

दुसरी अडचण जास्त खोल आहे, आणि तुम्ही सांगलीकर असल्याने ती तुम्हाला पटकन समजेल. २०१९ च्या कृष्णेच्या पुरात काढलेले फोटो आठवा. रस्त्यारस्त्यांवर होड्या होत्या, एरवी तिथे एकही नसते. एखाद्या परक्या माणसाने फक्त पुराचे आणि एरवीचे फोटो ताडून पाहिले, तर होड्यांनीच पूर आणला असा निष्कर्ष काढून तो होड्या बंद करायला निघेल. आजारी यकृतात वाढलेल्या प्रत्येक जनुकाबद्दल हाच प्रश्न उभा राहतो : हे पूर आणणारे आहे, की बुडणाऱ्याला काढणारे? शिवाय यकृताच्या त्या बारीक तुकड्यात फक्त यकृताच्या पेशी नसतात. संसर्गाशी लढणाऱ्या, व्रण धरणाऱ्या, रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशीही असतात. दाहात बाहेरून पांढऱ्या पेशींची झुंड आत शिरली, की त्यांची जनुके तक्त्यात ‘वाढलेली’ दिसतात. प्रत्यक्षात कुठल्याच पेशीने आपले वाचन बदललेले नसते, फक्त गर्दी बदललेली असते. आता एकेका पेशीचे वाचन वेगळे मोजता येते, त्यामुळे ही गफलत कमी होते आहे.

दुसरी वाट थेट नियंत्रकाला हात घालण्याची. पिट्सबर्गच्याच दुसऱ्या एका गटाने २०१५ मध्ये यकृत निकामी झालेल्या उंदरांना विषाणूच्या वाहनातून एचएनएफ-४-अल्फा पुरवले आणि त्यांचे यकृत पुन्हा कामाला लागले. तो बिघाड मात्र दारूने नव्हे, तर रसायनाने घडवलेला होता. जर्मनीतील हॅनोव्हर येथील संशोधकांनी २०२१ मध्ये, कोविडच्या लशींमुळे आपल्याला ओळखीच्या झालेल्या एम-आरएनए तंत्राने, तोच नियंत्रक उंदरांच्या यकृतात पोहोचवून व्रण कमी करून दाखवला. पांढऱ्या पेशींना यकृतात बोलावणाऱ्या रसायनांची अनेक जनुके चौथ्या गुणसूत्रावर एकमेकांना चिकटून बसलेली आहेत. त्या सगळ्यांचा एक सामाईक खटका अमेरिकेतील मेयो क्लिनिक या रुग्णालयाच्या गटाने दाखवला आणि तो बंद करून पाहिला. टीजीएफ-बीटा-१ लाच रोखावे असेही कुणाला वाटेल, पण तो शरीरभर इतकी कामे करतो, आणि त्यातली काही दाहाला आवरणारी आहेत, की सरसकट रोखणे परवडत नाही. हे सगळे अजून प्रयोगशाळेत आहे. तुमच्या भावाच्या वयाच्या माणसाला देता येईल असे यातले आज काहीही नाही.

माणसांपर्यंत सर्वांत जास्त पोहोचलेले औषध म्हणजे लार्सुकोस्टेरॉल. ते २०१९ च्या अभ्यासातून जन्मलेले नाही, त्याची गोष्ट आधीपासूनची आणि वेगळी आहे. पण दोन्ही वाटा एकाच चौकात येतात, कारण हे औषध डीएनएवर त्या रासायनिक खुणा चढवणाऱ्या एन्झाइमांना आवर घालते. तीव्र मद्यजन्य यकृतदाहाच्या ३०७ रुग्णांवर त्याची चाचणी झाली. ९० दिवसांत मृत्यू किंवा यकृत प्रत्यारोपण, हा मुख्य निकष होता. त्यात औषधाचा फायदा सिद्ध झाला नाही. औषध मिळालेल्यांत मृत्यूंची संख्या कमी दिसली, पण योगायोगाची शक्यता वगळावी इतका तो फरक ठोस नव्हता. माझे वाचन असे, की दार बंद झालेले नाही, पण उघडलेही नाही. पुढच्या मोठ्या चाचणीविना कोणीही ‘औषध सापडले’ असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे आहे.

शास्त्र कितीही पटणारे असले तरी रुग्णांवरच्या औषधचाचणीत काय होते, याचे उदाहरण तुमच्या मुलाला जरूर सांगा. या आजारातील दाहात इंटरल्युकिन-१ या संदेशाचा मोठा वाटा आहे असे अनेक प्रयोगांवरून दिसत होते, म्हणून अमेरिकेत त्याला रोखणारे अनाकिन्रा, जोडीला जस्त, हे एका बाजूला आणि प्रेडनिसोलोनचाच जवळचा प्रकार असलेला जुना प्रेडनिसोन दुसऱ्या बाजूला ठेवून १४७ रुग्णांवर तुलना झाली. चाचणी लवकर थांबवावी लागली : ९० दिवसांनी प्रेडनिसोनच्या गटात ९० टक्के जिवंत होते, अनाकिन्राच्या गटात ७० टक्के. म्हणजे तुमच्या भावाला मिळणारे ‘जुने’ औषध कमअस्सल आहे असे समजू नका. त्याच्या मर्यादाही मी लपवत नाही. ब्रिटनमधील ज्या मोठ्या चाचणीचा अहवाल २०१५ मध्ये आला, तिच्यात हजारांहून अधिक रुग्ण होते. प्रेडनिसोलोनने २८ दिवसांपर्यंत थोडा कल दिसला, पण ९० दिवसांनी आणि वर्षाने फायदा उरला नाही, आणि गंभीर जंतुसंसर्ग औषध घेणाऱ्यांत १३ टक्के, तर न घेणाऱ्यांत ७ टक्के झाले. म्हणूनच सातव्या दिवशी आकडे पाहून गोळ्या चालू ठेवायच्या की थांबवायच्या हे ठरवतात. तुमच्या भावाचे बिलिरुबिन त्या सात दिवसांत उतरले, ही त्याच्या बाजूची खरी गोष्ट आहे.

तुमच्या पत्रातल्या चाचणीच्या कल्पनेला सर्वांत जवळचे काम ब्रुसेल्सच्या संशोधकांचे आहे. त्यांनी यकृताच्या तुकड्यातील १२३ जनुकांच्या वाचनावरून, आणि नेहमीच्या रक्ततपासणीच्या गुणांची जोड देऊन, कोणत्या रुग्णाला धोका जास्त आहे हे अधिक अचूक सांगता येते, असे २०१८ मध्ये दाखवले. बारकाईने पाहा : तुकडा यकृताचाच होता, आणि अंदाज कोण वाचेल याचा होता, कोणते औषध द्यावे याचा नव्हे. जगातील उत्तम केंद्रांतही आज अशा वाचनावरून कुणाला औषध लिहून देत नाहीत. मग २२,००० रुपयांत ते कोण देणार?

वडिलांविषयी आणि मुलांविषयी. वारशाने येणारे काही धोके खरे आहेत. पीएनपीएलए-३ या जनुकाचा एक ठरावीक प्रकार ज्यांच्यात असतो, त्यांच्या यकृतात मेद साठण्याची आणि दारू पिणाऱ्यांत सिरोसिस, म्हणजे यकृत व्रणांनी कडक होण्याचा आजार, होण्याची शक्यता वाढते, हे अनेक देशांतील अभ्यासांत पुन्हा पुन्हा आढळले आहे. उलट एचएसडी-१७-बी-१३ या जनुकाचा एक निकामी प्रकार काही अंशी संरक्षण देतो असे २०१८ मध्ये दिसून आले, आणि त्यावरून हे जनुक मुद्दाम मिटवणारी, म्हणजे त्याच्या आरएनए नकला कापून टाकणारी, औषधे तयार होत आहेत. थुंकीच्या चाचणीत असे जन्मजात फरक कळू शकतात, एवढे मान्य केले पाहिजे. पण ते कळून तुमच्या भावाच्या आजच्या उपचारात काडीचा बदल होत नाही. मुलांपैकी एकात तो प्रकार सापडला नाही, तर ‘मला दारू चालते’ असा सोयीचा अर्थ तो काढील, आणि सापडला तर नुसती धास्ती घेईल. त्यांना चाचणीची गरज नाही. त्यांचे आजोबा आणि वडील दोघांच्याही यकृताला दारूने काय केले हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे. ते वयात येताना त्यांच्याशी लाजकाज न ठेवता बोला, आणि वजन व मधुमेहाकडे लक्ष ठेवा, कारण त्याच यकृतावर चरबीचा भारही पडतो.

आता पूड. न कळत देण्याच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा औषधांत काय असते ते पाकिटावर लिहिलेले नसते, आणि काहींत डायसल्फिराम असण्याची शक्यता असते. ते पोटात असताना दारू घेतली, तर रक्तदाब कोसळतो, छाती धडधडते, उलट्या होतात, आणि आजारी यकृताच्या माणसात ते जिवावर बेतू शकते. शिवाय ते औषध स्वतःच यकृताला इजा करू शकते, त्यामुळे तुमच्या भावासारख्या रुग्णाला ते उघडपणेही देत नाहीत. आईंना हे शांतपणे सांगा. तिच्या मनात कपट नाही, लेकरू वाचावे एवढीच तळमळ आहे. दारूची ओढ कमी करायला बॅक्लोफेनसारखे औषध आहे, ज्याचा अभ्यास सिरोसिसच्या रुग्णांवरही झाला आहे. ते देण्याचा निर्णय यकृततज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ मिळून घेतील, आणि त्याला सांगूनच देतील. यकृत थोडे सावरले, की व्यसनमुक्तीचा उपचार लगेच सुरू करा. पुण्याच्या मुक्तांगणसारखी केंद्रे १९८६ पासून हेच काम करत आहेत, आणि तिथे कुटुंबीयांशीही बोलतात, ज्याची तुम्हाला त्याच्याइतकीच गरज आहे. प्रयोगशाळेतले नियंत्रक कधी औषध होतील तेव्हा होतील, पण दारू थांबली की यकृतातील मेद काही आठवड्यांत उतरू लागतो, आणि या आजारात पुढची वर्षे मिळण्याचे सर्वांत मोठे कारण दारू पूर्ण बंद असणे हेच राहिले आहे.

जेवणाबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण मी सांगणार, कारण आपल्याकडे कावीळ म्हटली की वरण बंद, दूध बंद, अंडे तर दारातही नको, आणि उसाचा रस, लाह्या, पेज एवढ्यावर माणूस ठेवला जातो. ज्याचे यकृत प्रथिने बनवायचे विसरले आहे, त्याच्या ताटातूनच प्रथिने काढून घ्यायची, हे उलटे पथ्य आहे. त्याला दर किलो वजनामागे दिवसाला सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ७५ ते ९० ग्रॅम : मुगाची उसळ, पिठले, दही, दूध, अंडी, मासे, जे त्याला रुचेल ते. तो रात्रभर उपाशी राहू नये म्हणून झोपण्याआधी काहीतरी खायला द्या, भाकरी-दूधही चालेल. पोटात पाणी आहे तोवर मीठ कमी, पापड-लोणचे बंद. काढे मुळीच नकोत. गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली आहे.

प्रेडनिसोलोन स्वतःहून थांबवू नका; साधारण २८ दिवसांनी ते कसे उतरवायचे हे डॉक्टर सांगतील. या काळात ताप, खोकला, लघवी कमी होणे, रात्री जाग आणि दिवसा गुंगी, बोलण्यात गोंधळ, काळी शौच, यांपैकी काही दिसले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात न्या. पुढच्या भेटीला जाताना मुलाला बरोबर घ्या आणि तीन प्रश्न लिहून न्या : बिलिरुबिन, आयएनआर आणि मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन यांचे आताचे आकडे काय, पुन्हा बिघडले तर यकृत प्रत्यारोपणाचा विचार कधी आणि कुठे करायचा, आणि या आजारावर भारतात कोणती चाचणी चालू आहे का, जिच्यात तो बसू शकतो. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मुलगा स्वतःही शोधू शकेल, कारण भारतातील औषधचाचण्यांची सरकारी नोंदणी सर्वांना पाहण्यासाठी खुली आहे. खऱ्या चाचणीला नोंदणी क्रमांक असतो, नीतिसमितीची मान्यता असते, समजेल अशा भाषेत संमतीपत्र मिळते, आणि प्रायोगिक औषधाचे पैसे रुग्णाकडे मागत नाहीत.

मुलासाठी एक निरोप. संशोधनासाठी यकृताच्या तुकड्याचा उरलेला कण देण्याची विनंती रुग्णालयातून कधी आली, तर ती फसवणूक समजू नका. वर सांगितलेले सगळे तक्ते अशाच कणांनी भरले आहेत, आणि आपल्याकडच्या रुग्णांचे रकाने त्यांत फार थोडे आहेत. भावाचे नवे आकडे आले की मला कळवा.